खात्री नसेल तर 'हो' म्हणा

माझ्या कामात एक निळा पडदा येतो. त्यावर ओळीखाली ओळ प्रश्न असतात आणि प्रत्येक प्रश्नापुढे एक चौकोनी कंस. कंसात चांदणी टाकली की हवं, रिकामा सोडला की नको. नखाएवढ्या चिपमध्ये आख्खा प्रोग्रॅम बसवायचा असतो. तो सी भाषेत लिहितात, आणि त्याला रोजची हत्यारं पुरवायला एक लायब्ररी लागते. आकडे छापायचे कसे, तारीख काढायची कशी, कामापुरती जागा मागून घ्यायची आणि काम झालं की परत करायची कशी, हे सगळं त्या लायब्ररीत असतं. मोठ्या कॉम्प्युटरला ती पूर्ण परवडते. छोट्या चिपला नाही. म्हणून आधी त्या निळ्या पडद्यासमोर बसून ठरवायचं, काय घ्यायचं आणि काय सोडायचं. प्रत्येक प्रश्नाखाली मदतीच्या दोन-चार ओळी असतात आणि बऱ्याच ठिकाणी शेवटी सल्ला असतो, की खात्री नसेल तर 'हो' म्हणा.

हा सल्ला ज्याने लिहिला त्याला माझ्यासारखी माणसं भेटली नसावीत. मला कशाचीच खात्री नसते. गॅस बंद केला का हे बघायला मी मंचरच्या रस्त्यावरून गाडी वळवून परत आलेलो आहे. माझ्या मनासारखं करायचं तर मी खालपर्यंत चांदण्याच टाकत जाईन. पण सगळ्याला हो म्हटलं की शेवटी लाल अक्षरांत उत्तर येतं, बसत नाही. मग परत वर जायचं आणि एकेक चांदणी पुसायची. प्रत्येक चांदणी पुसताना वाटतं, नेमकी हीच लागली तर?

आई यावर हसते. ती मेंढरांमागे वाढलेली. "आमी झोळीत पोर टाकून उघड्या रानात झोपायचो," ती शेजारणीला सांगते, "आन हा दाराला कडी लावून वर खुर्ची लावतो." शेजारीणही मनापासून हसते. खुर्चीची गोष्ट खरी आहे.

आमचं घर निरगुडसरला. आजोबांपर्यंत सगळेच मेंढरांमागे होते. वडील शेतीला लागले, आणि धाकटे चुलते, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, मेंढरांमागेच राहिले. मी शिकलो आणि आता घरातच टेबल टाकून पुण्यातल्या एका कंपनीसाठी पाण्याच्या मीटरचे प्रोग्रॅम लिहितो. आप्पांचा वाडा म्हणजे दगडी वाडा नव्हे, मेंढरांचा तळ. आज या शेतात, दोन दिवसांनी त्या शेतात. आप्पा, काकी, माझा चुलतभाऊ, वहिनी, चार कुत्री, एक घोडं आणि मेंढरं. संध्याकाळी मेंढरांभोवती जाळी उभी करायची, तिला वाघूर म्हणतात. माणसं जाळीला लागूनच झोपतात. गेल्या वर्षापासून या संसारात भावाची मुलगी आली. तीन काठ्या वर बांधून त्यांना झोळी टांगलेली, आणि झोळीत ती.

मी वाड्यासाठी एक पेटी बनवली, ती तिच्यामुळे. ऊसतोडीचे दिवस होते, आणि ऊस पडायला लागला की त्यात लपलेलं जनावर बाहेर निघतं. बिबट्या हा शब्द आप्पांच्या वाड्यावर कुणी दिवस मावळल्यावर काढत नाही, जनावर म्हणतात. वाडा ओतूरच्या बाजूला होता. जनावर जाळीवरून आत उतरलं आणि झोळीच्या बरोबर खाली निजलेलं कुत्रं उचलून गेलं. कुणाला काही ऐकू आलं नाही. सकाळी झोळीच्या काठ्यांपाशी रक्त होतं आणि वर पोरगी पाय हलवत खेळत होती. भावाने मला हे फोनवर सांगितलं, तेव्हा तो हसत होता. घाबरलेला माणूस हसतो तसं. मला मात्र त्यानंतर कितीतरी दिवस डोळे मिटले की त्या काठ्याच दिसायच्या.

मी जेवढं करू शकत होतो तेवढं केलं. जाळीच्या चार कोपऱ्यांना चार खांब आणि जाळीच्या वर वीतभर अंतरावरून, एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत, डोळ्याला न दिसणारा किरण. कुत्री फटीतून ये-जा करतात, जाळीवरून कुणी जात नाही. जो जाईल तो जनावरच. किरण तुटला की पेटीतला भोंगा वाजायचा आणि दिवे भगभगायचे. भोंग्याला जनावर बुजतं. एवढं साधं काम.

म्हणून निळ्या पडद्यावर बसलो तेव्हा मी नेहमीपेक्षा धीट झालो. दशांशातले आकडे छापायची सोय, नको. देशोदेशीच्या वेळा, नको. गणिताची मोठी हत्यारं, नको. आणि एक प्रश्न होता कुलपांचा. पेटी दोन कामं एकाच वेळी करत असेल आणि दोन्ही कामं एकदमच जागा मागायला आली, तर एकाला दारात थांबवून दुसऱ्याला आधी सोडायचं, यासाठी लायब्ररीत कुलपं असतात. कुलपं नसली तर जाळीच्या एका फटीतून दोन बाजूंनी मेंढरं घुसल्यासारखं होतं, कोण आत आणि कोण बाहेर याचा मेळ राहत नाही. माझ्या पेटीला काम एकच होतं. मी तो कंस रिकामा सोडला आणि वाचलेल्या जागेत एक हौस केली. पेटीला छोटासा पडदा होता, त्यावर मराठी अक्षरं उमटतील अशी सोय बसवली. किरण चारही बाजूंनी शाबूत असला की पडद्यावर यायचं, सगळं ठीक.

वहिनी दहावीपर्यंत शिकलेली. पेटी पहिल्यांदा नेली तेव्हा तिने पोरीला कडेवर घेऊन ते वाचून दाखवलं. "बघ, काय म्हणतीय पेटी? सगळं ठीक." पोरीने पेटीला चापट मारली. काकीने भंडारा आणला आणि पेटीवर हळदीची बोटं ओढायला लागली. किरणाच्या डोळ्यावर मी तळहात धरून ठेवला होता, नाहीतर तोही पिवळा झाला असता. जाळीवर आता घोंगडी वाळत घालायची नाही हे काकीला सांगितलं, तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिच्या घरात राहायला आलेला पाहुणा, आणि जेवणाची वेळ बदलायला सांगतोय.

मी भोंगा वाजवून दाखवायला बटणाकडे हात नेला आणि आप्पांनी माझं मनगट धरलं.

"वाजवून दावायची न्हाई."

मी म्हटलं, एकदाच, चालते का बघायला.

"हाळी दिली का वस्तीवरचं माणूस हातातला घास टाकून पळत येतं. एकदा उगंच पळवलं, का पुढच्या टायमाला त्यो घास संपवून यील."

वाड्यावर हा नियम माझ्या जन्माआधीपासूनचा आहे. खोटी हाळी द्यायची नाही. लहान मुलांनी खेळात 'आलं, आलं' असं ओरडलं तरी पाठीत धपाटा बसायचा, मीही खाल्लेला आहे. त्यामुळे मी वाद घातला नाही. भोंगा घरी गोधडीत गुंडाळून वाजवून बघितला होता, तेवढ्यावर समाधान मानलं. निरगुडसरलाही चारी बाजूंनी ऊसच आहे. तिथेही उघड्यावर भोंगा वाजवला असता तर आळीतली माणसं काठ्या घेऊन आली असती.

मग काही दिवसांनी भावाचा फोन आला. "आमी दोघं गावात गेलो का मागं बायकाच ऱ्हात्यात. भोंगा आमाला कुठं ऐकू येतोय तिथं? पेटीनं फोन लावला पायजे राव. तेवढं बघ की."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी पेटीत सिमकार्ड बसवलं. भोंगा वाजतावाजताच पेटीने फोन लावायचे, आधी भावाला, मग आप्पांना, मग ज्या शेतात वाडा आहे त्या शेतकऱ्याला आणि सगळ्यात शेवटी मला. फोन तपासताना भोंग्याचं काम प्रोग्रॅममध्ये बंद ठेवलं, आळी नको उठायला म्हणून. फोन लागले. भोंगा आधीच तपासलेला होता. दोन्ही एकत्र कधी चालवून बघितलंच नाही. नवीन प्रोग्रॅम भरून पेटी वाड्यावर पोचवली, पडद्यावर 'सगळं ठीक' आलं, आणि त्या आठवड्यात मला कितीतरी दिवसांनी नीट झोप लागली. भाऊही म्हणाला, आता जरा डोळा लागतो.

पुढचं सगळं एका दुपारी घडलं. कंपनीचं एक पाण्याचं मीटर माझ्या टेबलावर होतं आणि ते मधूनच मुकं व्हायचं. पाणी मोजायचं चालू असताना संदेश पाठवायची वेळ आली की कधी दोन्ही कामं व्हायची, तर कधी मीटर जागच्या जागी थिजायचं. मी वैतागून लायब्ररीचा निळा पडदा उघडला आणि खाली खाली जात राहिलो. कुलपांच्या प्रश्नापुढचा कंस रिकामा होता.

हे कुणी केलं, म्हणून मी पुटपुटलो. आणि लगेच आठवलं, की या मीटरच्या वेळी सगळे प्रश्न पहिल्यापासून कोण सोडवत बसेल, म्हणून मी माझीच जुनी निवड उचलून इथे आणली होती. पेटीची. पेटीला एकच काम होतं तेव्हाची.

पेटीला आता दोन कामं होती. एरवी ती एकच करायची, गप्प बसून किरण बघायचं. दोन्ही कामं एकदम करायची वेळ फक्त जनावर आल्यावरच येणार होती. म्हणजे पेटी रोज संध्याकाळी 'सगळं ठीक' म्हणत होती, आणि जिच्यासाठी ती बसवली होती त्याच एका क्षणाला ती थिजण्याची शक्यता होती. थिजली तर स्वतःच बंद होऊन पुन्हा चालू होण्याची सोय मी ठेवली होती, पण पुन्हा चालू होऊन टॉवर सापडेपर्यंत मिनिटभर जातंच. ओतूरला कुत्रं नेलं तेव्हा जनावराला मिनिटभर तरी लागलं असेल का?

माझ्याकडे पेटीसारखीच एक जोडणी टेबलावर होती. भोंग्याच्या जागी बारीक दिवा लावला, प्रोग्रॅम सगळा तोच ठेवला आणि किरणापुढे हात धरला. दिवा भगभगला, फोन वाजला. पुन्हा हात धरला. पुन्हा दोन्ही झालं. मी देवाचं नाव घेतलं आणि तिसऱ्यांदा हात धरला. दिवा एकदा लुकलुकून विझला, फोन वाजलाच नाही. मी बराच वेळ त्या विझलेल्या दिव्याकडे बघत बसलो. दर वेळी बिघडली असती तर बरं झालं असतं. ती कधी चालणार आणि कधी नाही हे तिलाही माहीत नव्हतं.

भावाला फोन लावला. बंद. आप्पांचा आणि वहिनीचाही बंद. वाडा हलवायचा दिवस असला की फोन गावातल्या एखाद्या हॉटेलात चार्जिंगला लावलेले असतात. मी पुन्हा पुन्हा तेच नंबर लावत राहिलो आणि तीच बाई पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली. तिच्यावरही मी ओरडलो.

निळ्या पडद्यावर जाऊन कुलपांना चांदणी टाकली. लाल अक्षरं आली, बसत नाही. थोडक्यासाठी बसत नव्हतं. सोडता येण्यासारखं सगळं मी आधीच सोडलेलं होतं. उरली होती ती मराठी अक्षरं. मी तिथे घुटमळलो, हे खरं आहे. वहिनीचं ते वाचणं डोळ्यांसमोर आलं. मग मी त्या अक्षरांपुढची चांदणी पुसली आणि पेटीच्या पडद्यावर 'सगळं ठीक'च्या जागी 'ओके'ची इंग्रजी दोन अक्षरं टाकली. बसलं. टेबलावरच्या जोडणीत भरलं आणि किरणापुढे हात धरत राहिलो, आईने 'हात दुखंल' म्हणेपर्यंत. दर वेळी दिवा लागला, दर वेळी फोन वाजला. तरी खात्री काही होईना.

लॅपटॉप पाठीला लावून गाडी काढली. भाऊ परवा म्हणाला होता, कळंबच्या बाजूला सरकतोय. मंचर ओलांडून कळंबला पोचलो आणि एका टपरीवर विचारलं, मेंढरं कुठे बसलीत का इकडे?

"सकाळच्याला व्हती हितं," टपरीवाला चहा गाळत म्हणाला. "नदीच्या अंगाला गेली बगा. चा घ्या, पावणं."

मी चहा न घेताच गाडी वळवली. उन्हं कलली होती. रस्त्याच्या एका बाजूला ऊस उभा, दुसऱ्या बाजूला तोडलेला, पाचट पडलेलं. उभ्या उसाच्या कडेने जाताना मी आत बघत नव्हतो. वाडा सापडला तो नेमका अशाच फडाला लागून. उसाचा अर्धा फड तोडलेला, अर्धा उभा, आणि मोकळ्या झालेल्या रानात जाळी उभी. झोळीत पोरगी झोपलेली होती. ती दिसली आणि मला एकदम रडू आलं. हेल्मेट काढायला मी मुद्दाम वेळ लावला.

पेटी उघडून प्रोग्रॅम भरायला बसलो तशी काकी म्हणाली, "आता काय झालं हिला?"

काहीतरी थाप मारता आली असती. पण इतका वेळ दाबून ठेवलेलं तोंडातून गेलंच. "काकी, जनावर आलं असतं ना, तर ही कदाचित वाजली नसती."

वहिनी भाकरी थापत होती. ती उठली, पिठाच्या हातांनीच झोळीच्या काठ्या उचलल्या आणि झोळी चुलीजवळ आणून ठेवली. मग परत बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हंजी इतके दिस आमी..." वाक्य तिने पुरं केलं नाही. मला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं.

"आमी काय तुझ्या पेटीच्या भरवशावर न्हाई ऱ्हात," आप्पा म्हणाले. "मी हाय, कुत्री हायती." ते मला धीर द्यायला बोलले असतील. पण भाऊ खाली बघत होता. पेटी आल्यापासून आपण दोघे निवांत झोपतो, हे त्याला आणि मला ठाऊक होतं.

प्रोग्रॅम भरून झाला. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. मी आप्पांना म्हटलं, "आता एकदा खरोखर वाजवून बघू द्या. भोंगा आणि फोन, दोन्ही. हवं तर भाऊ आधी वस्त्यांवर जाऊन सांगून येईल, की आज वाजेल ते खोटं आहे, येऊ नका."

"आन ज्यास्नी आज खोटं हाय म्हनून सांगायचं, त्यांनी उद्याचं खरं कशावरनं वळखायचं?"

"मग मी तपासू कसं?" माझा आवाज चढला. आप्पांसमोर एवढ्या मोठ्याने मी कधी बोललो नव्हतो. "मला खात्री नाही. घरी चालली म्हणून इथे चालेल असं मी म्हणू शकत नाही. इथली वायर वेगळी, बॅटरी वेगळी. तुम्हाला समजत कसं नाही?"

"घरी चालली का?"

"चालली."

"किती येळा?"

"लई वेळा."

"मंग जेव आन घरी जा," आप्पा म्हणाले आणि कोकरं आत घ्यायला निघून गेले.

मी जेवलो नाही. भावाने फटफटीपर्यंत सोबत केली आणि म्हणाला, त्यांचं काय ऐकतोस, तुझं तुला माहीत. पण त्यानेही बटण दाबू दिलं नसतं. मीही दाबलं नसतं. तो धपाटा माझ्या पाठीत अजून होता.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. माझ्या फोनमध्ये पेटीचा नंबर 'पेटी' याच नावाने होता. फोन वाजला की हातातलं काम टाकून मी आधी नाव बघायचो. कंपनीतल्या साहेबांचा असला तर मी इतक्या आनंदाने बोलायचो की त्यांना संशय येऊ लागला. फोन वाजला नाही तर आणखी वाईट. फोन न वाजणं म्हणजे जनावर आलं नाही, की आलं आणि पेटी थिजली? दर संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून मी भावाला फोन करायचो. पोरगी काय करतीय, विचारायचो. "काय करायचं हाय तिला," तो म्हणायचा. "माती खातीय." तेवढं ऐकलं की मी जेवायला बसायचो.

आई आता खुर्चीवरून चिडवत नव्हती. एकदा मात्र म्हणाली, "लेका, तुझ्या पेटीपेक्षा तूच जास्त जागतोस."

दिवेलागणीची वेळ होती. आई चुलीपुढे होती आणि मी ओट्यावर बसलो होतो. भावाला फोन करायला फोन हातात घेतला आणि तो हातातच वाजला. पडद्यावर नाव होतं, पेटी.

माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की लागला, शेवटच्या नंबरापर्यंत आला, थिजली नाही. आणि दुसरा विचार त्याच्या मागोमाग आला, की जनावर आलंय. दोन्हीच्या मध्ये एक श्वास गेला असेल, पण त्या एका श्वासापुरता मला आनंद झाला होता, आणि त्याची मला अजून लाज वाटते. ठरवून दिल्याप्रमाणे फोन थोडा वेळ वाजला आणि बंद झाला.

भावाला लावला. तो दुसऱ्या कुणाशी बोलत होता. आप्पांना लावला, नुसता वाजत राहिला. पुन्हा भावाला. पुन्हा आप्पांना. आई पिठाचे हात तसेच धरून दारात येऊन उभी राहिली. ती उघड्या रानात वाढलेली बाई, पण त्या वेळी तिने दाराची चौकट धरली होती आणि चौकटीवर पीठ लागत होतं.

वहिनीला लावला. वाजून वाजून कट झाला. पुन्हा लावला. आता उचलला गेला, आणि पलीकडून नुसता गलका ऐकू आला. कुत्री भुंकत होती, माणसं एकावर एक बोलत होती, आणि या सगळ्यावर चढून पोरगी रडत होती. गळा फाडून, मधे श्वासही न घेता.

"भाऊजी," वहिनी ओरडत होती, गलक्यावर आवाज जावा म्हणून. "डोकं वर काढलं व्हतं जाळीच्या! हे दोघं गावात गेल्याले. म्या आन सासूबाई, दोघीच. पेटी बोंबलली आन ते उलटं पडलं भायेर. गेलं उसात. कुत्री त्याच्या मागं हायती. वस्तीवरची समदी आली वो, काठ्या घिऊन, एक बाबा तर जेवता जेवता आला, हात खरकटा त्याचा."

"पोरगी?" "ती का रडतीय?"

"काय न्हाई झालं तिला. भोंग्यानं दचकून उठली, झोपली व्हती न्हवं का. गपच बसंना झालीय." मग जरा थांबून, आवाज खाली आणून ती म्हणाली, "भाऊजी, ती पेटी जरा हळू वाजंल आसं काई करता येतं का?"

"येतं," मी म्हटलं. "पण मी करणार नाही."

ती हसली. घाबरलेलं माणूस हसतं तसं. आणि म्हणाली, थांबा, ठेवते आता, हिला घेते.

"ठेवू नका," मी म्हटलं. आई माझ्या खांद्याला टेकून कान देऊन ऐकत होती. "वहिनी, फोन ठेवू नका. तिच्याजवळ न्या. रडू द्या तिला थोडा वेळ."